मुलाच्या मनगटाला टेप लावताना: आमची पद्धत आणि आमच्या चुका

माझा लेक आठ वर्षांचा, त्याला डीसीडी आहे, म्हणजे डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर, हात-पायांच्या हालचालींचा ताळमेळ वयाच्या मानाने नीट न बसणं. शाळेच्या वयातल्या शंभरातल्या साधारण पाच-सहा मुलांना हा असतो, पण आपल्याकडे "धांदरट आहे हो" म्हणून विषय संपतो. लिहिताना त्याचं मनगट आत दुमडतं, पेन्सिल मुठीत आवळून धरतो आणि चार ओळी झाल्या की हात झटकत बसतो. आमच्या ओटी ताईंनी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रोजची कामं जमावीत म्हणून सराव करून घेतात त्या) मनगटाच्या वरच्या बाजूने टेप लावायला शिकवलं, तेच सांगते. पण तुमच्या मुलाला कुठे आणि कशी लावायची ते आधी तुमच्या थेरपिस्टकडूनच ठरवून घ्या, व्हिडिओ बघून नको.

टेप म्हणजे किनेसिओ टेप, ती ताणली जाणारी सुती. जखमेवर लावतो ती पांढरी चिकटपट्टी नव्हे. जपानच्या केंझो कासे यांनी १९७० च्या दशकात काढली आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या अंगावर दिसल्यावर सगळीकडे पोचली. एक गोष्ट स्पष्टच सांगते, टेपने डीसीडी जात नाही आणि ती किती उपयोगी पडते याचा पुरावाही तोकडाच आहे, खरं काम लिहायचा, बटण लावायचा, डबा उघडायचा रोजचा सराव. टेपमुळे कातडी किंचित ओढल्यासारखी वाटते आणि माझ्या लेकाला मनगट कुठे आहे ते जरा कळतं, बास.

पहिल्यांदा सगळी पट्टी लावूच नका. दोन बोटांएवढा तुकडा हाताच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि एक दिवस ठेवा. लाल झालं, खाज आली तर विषय बंद. जखम, पुरळ, घामोळं, इन्फेक्शन असेल तिथेही नाही, आणि ताप असताना तर नाहीच.

आता तयारी. आमच्याकडे आंघोळीनंतर हाताला खोबरेल चोळायची सवय, त्यामुळे पहिल्या वेळी पट्टी शाळेच्या गेटपर्यंतसुद्धा टिकली नाही. हात साबणाने धुवा, अगदी कोरडा करा, तेल-लोशन काही नको. रोल ५ सेंटीमीटर रुंद असतो, लहान हाताला तेवढी रुंदी जास्त होते म्हणून मी उभी अर्धी कापते. लांबी कोपराच्या जरा खालपासून बोटांच्या गाठींच्या अलीकडेपर्यंत, आमच्याकडे साधारण २५ सेंटीमीटर भरते. चारही कोपरे गोल कापायचे, चौकोनी कोपरा शर्टाच्या बाहीत अडकून उचकटतो. कात्री वेगळी ठेवा, गम लागून पात्यांचा चिकटा होतो. रंग मुलाला निवडू द्या, कामात रंगाने काही फरक पडत नाही पण हात पुढे करायला फार फरक पडतो!

लावताना कोपर सरळ, तळवा जमिनीकडे आणि मनगट अलगद खाली वाकवलेलं. एका टोकाचा ३-४ सेंटीमीटर कागद काढा, ते टोक कोपराजवळ अजिबात न ताणता टेकवा. मग कागद थोडा थोडा सोडत पट्टी हाताच्या मागच्या, म्हणजे आता वर आलेल्या बाजूने मनगटाकडे खाली आणा. ताण किती? कागदावर टेप आधीच थोडी ताणूनच चिकटवलेली असते, तेवढाच. आपण वेगळं ओढायचं नाही. जास्त ओढली तर जास्त सपोर्ट मिळेल असं मलाही वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी दोन्ही टोकांना बारीक फोड आले आणि पोरगं आठवडाभर टेप बघून पळायचं. शेवटचं टोकही ताण न देता टेकवा, गमच्या बाजूला बोट लावू नका, आणि वरून तळव्याने मिनिटभर चोळा, ऊब लागली की गम धरतो. हात सरळ केल्यावर पट्टीवर बारीक सुरकुत्या दिसल्या तर नीट लागली समजा.

खेळायच्या, घाम यायच्या निदान अर्धा-एक तास आधी लावा. भिजली तर टॉवेलने टिपा, ड्रायर मारू नका. मी तीन दिवसांवर ठेवत नाही, पावसाळ्यात तर दोनच. बोटं गार, निळसर किंवा बधिर वाटली किंवा मूल "टोचतंय" म्हणालं, तर तिसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, लगेच काढायची. टेप आहे तेवढ्यात रोज दहा मिनिटं लिहिणं, चपातीचा गोळा मळणं, चिमट्याने चणे उचलणं असलं काहीतरी करून घ्या, नुसती लावून फिरवण्यात अर्थ नाही.

काढताना मात्र घाई नको, फर्रकन ओढायची तर नाहीच. टेपवर खोबरेल लावून दहा मिनिटं मुरू द्या, मग एका हाताने कातडी दाबून दुसऱ्या हाताने टेप केसांच्या दिशेने मागे दुमडत गुंडाळत न्या. काढल्यावर निदान एक दिवस कातडी मोकळी ठेवा. आमचा लेक तेवढ्यात तेलकट हात घेऊन पळतो, हॉलच्या भिंतीवर पाच बोटांचे तीन ठसे आत्ताही आहेत.