पालेभाजीतलं लोह अंगी लागावं म्हणून

पालेभाज्या, डाळी रोज पोटात जातात, तरी रक्त तपासलं की लोह कमीच. वनस्पतींतलं लोह आतडी सहजासहजी शोषून घेत नाहीत, अडचण तिथे आहे. दोन बदल करून पाहा.

१. भाजी किंवा डाळ ताटात वाढून घेतल्यावर वरून अर्धं लिंबू पिळा. लिंबातलं क जीवनसत्त्व हे लोह शोषून घ्यायला मदत करतं. शिजत असताना नको, उष्णतेने ते बरंचसं वाया जातं. लिंबू नसेल तर कच्चा टोमॅटो, पेरूच्या चार फोडी किंवा एखादं संत्रं चालेल, पण त्याच जेवणात. सकाळी खाल्लेलं संत्रं रात्रीच्या डाळीला उपयोगी पडत नाही.

२. जेवणासोबत आणि नंतर किमान १ तास चहा-कॉफी नको. मला विचाराल तर लिंबापेक्षा हे जास्त गरजेचं आहे. जेवताना घेतलेला एकच कप चहा लोहाचं शोषण निम्म्यावर आणू शकतो. फार तलफ आली तर दोन जेवणांच्या बरोबर मध्ये घ्या.

थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) किंवा शरीरात लोह साठत जाण्याचा आजार असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही सुरू करू नका.