पोरांना जुने अल्बम ऐकवायचेत? आधी स्वतः गप्प बसायला शिका

घरातल्या अठरा-वीस वर्षांच्या पोराला जुना अल्बम ऐकवायचा म्हटलं की आपली मंडळी पहिलं काय करतात, तर व्हॉट्सॲपवर यादी पाठवतात. मीही पाठवलीय, भाच्याला, चाळीस नावांची, त्याने अंगठा टाकला आणि विषय संपला. यादी नको. एकच अल्बम द्या.

कुठला, ते त्याच्या कानात सध्या काय चाललंय त्यावरून ठरवा. आमचा भाचा गिटार वाजवतो म्हणून मी 'कॉल ऑफ द व्हॅली' काढला. १९६७ चा. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि या पोरासाठी सगळ्यात महत्त्वाची ती ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत, रागही त्या त्या वेळेचे. आता अशा पोराला 'जरा शास्त्रीय ऐक' म्हणालात तर तो उठून जाणार, पण 'गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर रॉड सरकवत हे सगळं वाजवलंय' म्हणालात तर निदान पाच मिनिटं थांबतो. लो-फाय, म्हणजे ते मंद, संथ ठेक्याचं संगीत, लावून अभ्यास करणाऱ्यांना जॅझवाल्या माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' द्या, १९५९ चा, पाचच ट्रॅक आहेत.

शफल, म्हणजे गाणी कुठल्याही क्रमाने लागणं, बंद करा. आणि फुकटातल्या ॲपवर तर लावूच नका, पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या 'डार्क साइड ऑफ द मून'मध्ये गाणी एकमेकांत मिसळत जातात, सुरुवातीला जे हृदयाचे ठोके ऐकू येतात तेच शेवटी परत येतात, आणि मध्येच कुणीतरी टूथपेस्ट विकायला आलं तर झालं कल्याण.

अख्खा अल्बम एका बैठकीत नको. एलपीची, म्हणजे जुन्या मोठ्या रेकॉर्डची, एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटांची, तेवढंच. कलाकारांनीही बाजूचा हिशोब धरूनच मांडणी केलेली असते.

आता खरी अवघड गोष्ट. अल्बम सुरू झाला की तुम्ही काय करायचं? काहीही नाही. ऐकायला सोपं वाटतं, मला जमायला तीन वर्षं लागली. पहिल्यांदा भाच्याला 'कॉल ऑफ द व्हॅली' मी गाडीत ऐकवला, पुण्याहून कोल्हापूरला जाताना, आणि खंबाटकी घाट येईपर्यंत मी चार वेळा पॉज केलं होतं. 'आता बघ हां बासरी येतेय.' 'हा अहिर भैरव, सकाळचा राग.' 'संतूरवर शास्त्रीय वाजतच नाही म्हणायचे लोक, माहितीये?' माहिती सगळी बरोबर होती हो! घाट उतरल्यावर तो म्हणाला, 'मामा, ऐकू दे की,' मी म्हटलं हो हो, आणि दोन मिनिटांत परत पॉज. साताऱ्याला त्याने कानात इअरबड घातले ते कोल्हापूर येईपर्यंत काढले नाहीत.

बोलण्याइतकंच वाईट म्हणजे त्याच्या तोंडाकडे बघत बसणं. आपण नुसतं बघत असलो तरी पोराला परीक्षेला बसल्यासारखं होतं, मग ते उगाच मान डोलावतं किंवा फोन काढतं. म्हणून हाताला काम ठेवा. माझा उपाय मटार. डिसेंबरात किलोभर मटार घेऊन ओट्यापाशी बसलो, तोच अल्बम लावला, तो डायनिंग टेबलवर त्याचं काहीतरी करत होता आणि मी खाली मान घालून सोलत राहिलो. बाजू संपली तेव्हा माझं अर्धं पातेलं झालं होतं. बराच वेळ काही नाही, मग आवाज आला, 'ते गिटारवालं परत लाव ना.' मी लावलं. राग कुठला ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही, जीभ चावून बसलो.

'आमच्या वेळी' हे दोन शब्द त्या दिवसापुरते तोंडातून काढू नका, आणि 'हल्लीच्या गाण्यांना ना सूर ना ताल' तर कधीच नाही.

गायनाचा अल्बम असेल तर मात्र माझं मत वेगळं आहे, जाणकार चिडतील. किशोरीताई आमोणकरांची ती भूप आणि बागेश्री रागांची एलपी घ्या. भूपमध्ये आधी विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, मग 'सहेला रे'. क्रम मोडू नका म्हणून वर एवढं सांगितलं, इथे खुशाल मोडा. 'सहेला रे' आधी लावा. विलंबित ऐकायची सवय नसलेल्या कानाला सुरुवातीची ती संथ लय म्हणजे काहीच होत नाहीये असं वाटतं, आणि एकदा कंटाळा आला की ते पोर परत भूपच्या वाटेला जात नाही. 'सहेला रे' तोंडात बसलं की पंधरा दिवसांनी त्याच्या आधीचं लावा.

'कसं वाटलं?' विचारू नका, आवडलं असेल तर कळतंच. दुसरा अल्बम, पहिल्यातलं जे परत मागितलं त्याच्या मागोमाग. भाच्याला पुढे काब्रांचं एकट्याचं वादन दिलं, बासरीशी त्याला अजून काही देणंघेणं नाही.

नाही आवडला तर सोडून द्या. पुतणीला मी तीन अल्बम दिले, तिन्ही नापास. तिला सध्या काही देत नाही, ती आली की तिच्याच फोनवरचं ऐकतो, त्यातही मला अजून काही आवडलेलं नाही.