लाटीवर इम्पोर्टेड लाकूड घ्यायला जाताय? आधी हे वाचा

बडोद्यात दाराची चौकट बदलायची म्हटलं की अर्धे लोक सांगतात वलसाडीच (वलसाडकडचा साग) घ्या, उरलेले म्हणतात इम्पोर्टेड घ्या ना, स्वस्त पडतं. इम्पोर्टेड घ्यायला हरकत नाही, मी पण घेतलंय, पण लाटीवर (म्हणजे वखार, इथे सगळे लाटीच म्हणतात) गेलात की भाव विचारायच्या आधी दोन गोष्टी विचारायच्या, माल कुठल्या देशाचा आणि घनफूट कुठला. दुसऱ्या प्रश्नावर शेठ जरा दचकतो, दचकू दे.

अख्खा लॉग (ओंडका) घेत असाल तर हिशेब असा. मधोमध टेप गुंडाळून घेर घ्यायचा, चारने भागायचं, आलेल्या आकड्याचा वर्ग करून लांबीने गुणायचं. 4 फूट घेर आणि 10 फूट लांबी असेल तर 10 घनफूट. याला हॉपस माप म्हणतात, इंग्रजांच्या काळापासून चालत आलंय. गोल लॉगचं खरं माप काढलं तर तोच लॉग 12.73 घनफूट भरतो, म्हणजे हॉपसमध्ये साधारण 21 टक्के सोडलेले असतात, कापताना वाया जाणाऱ्या लाकडापोटी समजा. आता एका लाटीवर हॉपसचा भाव आणि दुसरीवर खऱ्या मापाचा, तर दोन्हीकडे आकडा सारखा ऐकू आला तरी दुसरीकडे तुम्ही पैसे जास्तच मोजताय. आणि टेप सालीवरून फिरवला असेल तर अजून गंमत, घेर नुसता 2 इंच वाढला की याच लॉगचे 10 चे जवळजवळ 10.85 होतात, कारण घेराचा वर्ग होतो ना. साल काढून मापा, नाहीतर सालीचे इंच वजा करायला लावा.

कापीव माल घ्यायचा तर हिशेब वेगळा आणि सोपा: रुंदी गुणिले जाडी इंचात, भागिले 144, गुणिले फुटातली लांबी. 5 बाय 3 ची चौकट, दोन उभे 7-7 फूट, वर साडेतीन आणि उंबऱ्याला साडेतीन, एकूण 21 फूट, म्हणजे 2.19 घनफूट. लॉगच्या भावाशी कापीवचा भाव लावून बघू नका, मिस्त्री पण इथेच गोंधळ घालतात.

आता देश. माल बहुतेक कांडल्याला उतरून गांधीधामच्या सॉ मिलमधून येतो, म्हणून कोणी "कांडल्याचं लाकूड" म्हणालं तर ते उत्तर नव्हे. कोणी "बर्मा टीकचा ताजा लॉग" म्हणालं तर हसून पुढे जा, म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून लॉग बाहेर पाठवणंच बंद केलंय, कापीव असेल तर वेगळी गोष्ट. गॅबॉनने 2010 लाच लॉग बंद केले, त्यांचं ओकूमे नावाचं लाकूड आता तिथेच सोलून व्हिनियर (पातळ पापुद्रे) होऊन येतं आणि आपल्या प्लायवूडच्या वरच्या थरात दिसतं, म्हणजे मजुरी तरी त्यांच्याकडे राहिली. सॉलोमन आयलंड्ससारख्या छोट्या देशात उलटं, निर्यातीत मोठा वाटा आजवर लॉगचाच आणि त्यातले बहुतेक चीनला. सूरीनामचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग जंगल, तिथूनही लॉग आपल्याकडे येतात. पापुआ न्यू गिनीत 1994 पासून जहाजात भरायच्या आधी बाहेरची कंपनी लॉग तपासते, लॉगवर टॅग असतो. म्हणून लाटीवर लॉगच्या तोंडाशी (कापलेल्या टोकाशी) वाकून बघाच, टॅग दिसला तर फोटो काढून ठेवा आणि बिलाबरोबर ताडून बघा.

घाना, इक्वाडोर, पनामा, कोस्टा रिका इथला साग बहुतेक लावलेल्या झाडांचा असतो, वाईट नसतो, पण लॉग बारीक आणि कडेचा पांढरा भाग जास्त. त्या पांढऱ्याला वाळवी आणि भुंगा लागतो, तपकिरी गाभ्याला सहसा नाही. तोंडावर रंग किंवा मेण फासलेलं असतं, चिरू नये म्हणून, फसवायला नव्हे, पण त्याखाली पांढरं किती ते दिसत नाही. ब्लेडने बोटभर खरवडा. आमच्या मिस्त्रीकाकांनी खरवडलं तर एका लॉगचा गाभा जेमतेम ताटलीएवढा निघाला, शेठ म्हणाला "ए तो चाले", आम्ही म्हटलं नाही चाले.

मरबाऊ (पापुआकडचे क्विला म्हणतात) हे लाकूड टणक असतं, चौकटीला झकास. पण मी केलेली चूक करू नका. दाराला पॉलिश व्हायच्या आत पहिला पाऊस पडला आणि चौकटीतून चहासारखं पाणी ओघळून नव्या पांढऱ्या भिंतीवर पट्टे उमटले, ते पुन्हा रंगवावं लागलं. त्याचा रंग पाण्यात सुटतो, सीलर मारल्याशिवाय बाहेर लावायचं नाही. साधे लोखंडी खिळेही नको, ओल लागली की आजूबाजूला काळं पडतं, पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या. लाकडाच्या बारीक छिद्रांमध्ये पिवळी पूड दिसली तर कीड समजून घाबरू नका, मरबाऊची ओळखच ती.

कागद मागायला लाजू नका. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटवर (मालाला कीड-रोग नसल्याचा पाठवणाऱ्या देशाचा दाखला) झाडाचं शास्त्रीय नाव आणि देश असतो, सागाला टेक्टोना ग्रँडिस. छोट्या लाटीवाल्याकडे मूळ कागद नसतो, कॉपी असते, तीही नसेल तर निदान पक्क्या बिलावर जात आणि देश लिहून घ्या. आफ्रिकन पडौक जातीचं लाकूड असेल तर साइट्सचं (धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) परमिट पण विचारा, 2023 पासून लागतं.

आणि माल घरी आला की लगेच रंधा नको. थरांमध्ये काड्या घालून, हवा खेळेल असा रचा, सावलीत, आणि मिस्त्रीकडे मॉइश्चर मीटर असेल तर ओल 12 टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत थांबा. आमच्याकडे गॅलरीत रचलेलं, रोज सकाळी आजी त्यावर पापड वाळत घालायची.