शनिवारवाडा ते मंडई: शिवाजी रस्ता पायी कसा बघायचा

पुण्यातल्या शिवाजी रस्त्यावरून मी कितीतरी वर्षं गाडीवर गेलोय, पण हा रस्ता कळायला लागला तो चालायला लागल्यावर. सरळ चाललात तर शनिवारवाड्यापासून मंडई वीस-पंचवीस मिनिटांवर, बघत बघत गेलात तर तीन तास सहज जातात, आणि ते द्याच.

आधी गाडी घरी ठेवा, पार्किंग शोधण्यातच सकाळ जाते. मेट्रोने कसबा पेठ स्टेशनला उतरा, परतीला मंडई स्टेशन आहेच. शक्यतो कामाचा दिवस धरा (कारण पुढे सांगतो), आणि गणपतीचे दहा दिवस नको, तेव्हा इथे नुसती गर्दी बघून होते.

सुरुवात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापासून. लगेच आत पळू नका, दरवाजाजवळ उभे राहा आणि ते खिळे बघा, फूटभर लांब, टोकदार, एकेका फळीला ७२, हत्तीने डोक्याने धडक द्यायची म्हटली तर बरोबर कपाळाच्या उंचीला येतील असे. फळीतच छोटी दिंडी आहे, एका वेळी एकच माणूस वाकून जाईल एवढी. मग वर बघा, तटाचा खालचा भाग दगडी आणि वरचा विटांचा, हा फरक एकदा दिसला की दिसतच राहतो. वाड्याची वास्तुशांत १७३२ ची, आणि १८२८ च्या आगीत आतलं जवळजवळ सगळं जळालं, त्यामुळे आत जोती आणि बाग एवढंच आहे, तरी जोत्यांवरून चाला, दालनं केवढी होती त्याचा अंदाज येतो.

पुढे लाल महाल. आत्ताची इमारत नवी आहे हे लक्षात ठेवून बघा, पण १६६३ मध्ये महाराजांनी शाहिस्तेखानावर छापा घातला तो याच परिसरात. तिथून आत वळून ग्रामदैवत कसबा गणपतीला हात जोडा आणि विचारत विचारत तांबट आळीत जा. कामाचा दिवस म्हटलं ते यासाठीच. आळीत शिरायच्या आधीच ठोक्यांचा आवाज येतो. मठारकाम बघायला मिळालं तर सोडू नका, तांब्याच्या भांड्यावर हातोडीचा एकेक ठोका असा बसतो की छोट्या छोट्या गोल चकत्यांची रांगच उमटत जाते, नुसत्या नजरेच्या अंदाजाने. फोटो काढायच्या आधी विचारा, तापलेलं काम चालू असेल तर मध्ये बोलू नका.

परत शिवाजी रस्त्यावर आलात की दगडूशेठ. दर्शन झालं की समोर बघा, प्लीज बघा. इथे भिडे वाडा होता, जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली तो. २०२३ च्या डिसेंबरमध्ये स्मारकासाठी वाडा पाडला. माझी आजी, आई, बहीण शिकल्या त्याची सुरुवात या जागेतली, आणि मी कित्येकदा दर्शन घेऊन तिकडे न बघता गेलोय, त्याचं मला आजही वाईट वाटतं. दोन मिनिटं तरी थांबाच.

मग बेलबाग, नाना फडणवीसांनी बांधलेलं देऊळ, बाहेरच्या गोंगाटात पटकन सापडत नाही. तुळशीबागेत खरेदीच्या आधी राममंदिरात जा, १७६१ मध्ये पेशव्यांचे सुभेदार नारो अप्पाजींनी बांधायला घेतलेलं, शिखर मान पूर्ण मागे टाकून बघावं लागतं.

शेवट मंडईत, १८८६ ची अष्टकोनी इमारत. मधोमध उभं राहून आठही बाजूंना नजर फिरवा. खिशात कापडी पिशवी असू द्या, हिवाळ्यात मी इथून ओला हरभरा आणि पावट्याच्या शेंगा घेऊनच मेट्रोत बसतो.