उजनी उणे झाली की: काठावरच्या एका मुक्कामाची तयारी

कोकणातल्या खाडीवर पक्षी बघायला निघालेला माणूस आधी भरती-ओहोटीची वेळ बघतो. सोलापूरहून उजनी धरणावर पक्षी बघायला निघताना आधी बघायचा तो वर्तमानपत्रातला उजनीचा टक्का. धरणाची एकूण क्षमता ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, आणि टक्का मोजतात तो उरलेल्या उपयुक्त साठ्याचा. त्यामुळे उजनी शून्यावर आली तरी निम्म्याहून जास्त पाणी पोटात असतंच. टक्का उणे व्हायला लागला, म्हणजे मृतसाठ्यालाच हात लागला, की काठ मागे सरकतो, गाळाची पट्टी उघडी पडते आणि चिखलात चोच खुपसून जगणारे पक्षी तिथे उतरतात. फार खाली गेला, २०२४च्या उन्हाळ्यात उणे पन्नासच्याही खाली गेला होता तसा, तर जुन्या काठापासून पाण्यापर्यंतचीच चाल लांबते. म्हणून आकडा बघून गावात फोन करा आणि पाणी सध्या कुठवर आहे ते विचारूनच दिवस ठरवा.

मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतचा काळ धरा. हिवाळ्याला येणारे पट्टकादंब हंस तोवर उत्तरेला निघून जातात. रोहित (फ्लेमिंगो), चित्रबलाक, चमचे, शेकाटे, मुग्धबलाक आणि नदी सुरय मात्र भेटतात. सोलापूर जिल्ह्याच्या बाजूचा काठ करमाळा तालुक्यात येतो: केत्तूर, पोमलवाडी, वाशिंबे, कुगाव. पल्याडचा इंदापूर तालुक्यात: भिगवण, डिकसळ, कुंभारगाव. दोन्हींत फरक उजेडाचा आहे. करमाळ्याच्या काठावर सकाळी सूर्य पाठीशी असतो, पक्ष्याचा रंग स्वच्छ दिसतो. भिगवणच्या काठावर त्याच वेळी पाण्यावरची तिरीप डोळ्यांत जाते आणि पक्षी नुसता काळा ठिपका होतो. संध्याकाळी हे उलटं. सकाळचा वेळ मोलाचा म्हणून मुक्काम करमाळ्याच्या बाजूला करावा, असं आमचं मत. तंबू ज्याच्या जमिनीत लागणार त्याला आधी विचारा, गावात पोलीस पाटलांच्या कानावर घाला. धरणाच्या भिंतीच्या आसपास तंबूचा विचारही नको.

एकच रात्र पुरते. सोलापूरहून दुपारी दोनच्या सुमारास निघा, म्हणजे पाचपर्यंत पोचून उजेडात तंबू उभा राहतो आणि संध्याकाळची फेरी मिळते. मे महिन्यात सहाच्या आतच उजाडतं. साडेपाचला चालायला लागा आणि नऊ-साडेनऊला थांबा. दुसरी दुपार उघड्यावर काढू नका. माणशी पिण्याचं पाणी सहा लिटर, स्वयंपाकाचं आणि हात-तोंड धुण्याचं वेगळं तीन लिटर. सगळं घरून भरून न्या, कारण उजनीत पुणे-पिंपरीचं सांडपाणी उतरतं, काठावर हिरवी साय धरलेली असते, आणि उकळल्यानं जंतू मरतात, बाकीचं तसंच राहतं. कॅनला ओलं पोतं गुंडाळून सावलीत वाऱ्यावर ठेवा. छागल, म्हणजे पाणी गार ठेवणारी जाड कापडी पिशवी, असेल तर उत्तमच. ओआरएसची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात, कमी पाण्यात दाट करून नाही. पुडी नसेल तर एक लिटरला साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा चमचा, चमचा चहाचा. खाण्याला कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा, गूळ. आपल्याकडचं हे जेवण उन्हात न बिघडणारं आहे, त्याला सोडून ब्रेड-अंडी न्यायचं कारण नाही. सोलापुरी टॉवेल भिजवून मानेभोवती ठेवा. कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे, मातकट किंवा शेवाळी. पांढरा शर्ट उन्हाला बरा असला तरी उघड्या गाळावर तो लांबून दिसतो आणि पक्षी आधीच उठतात.

आता चिखल. गाळाच्या वरचा पापुद्रा वाळून भेगाळतो, पण खाली हातभर लोणी असतं. हाताची पाच फुटांची काठी पुढे दाबा. ती वीतभर सहज गेली तर तिथे पाऊल नको. गाळपेर झालेली, म्हणजे पाणी हटल्यावर गाळात पेरलेली, हिरवळ धरलेली जमीन पेलते. पण पीक कुणाचं तरी असतं, वेलांमधून न जाता बांधावरून जा. पाय रुतला तर दुसरा पाय रोवून ओढू नका, तोही अडकतो. मागे बसा, वजन पसरा, पाय हळूहळू फिरवत वर काढा. गमबूट अशा वेळी गाळातच राहतो, म्हणून घोट्यावर घट्ट बसणारे जुने कापडी बूट बरे. उथळ पाण्यात उतरूच नका. तिथे तंगूसची, म्हणजे बारीक नायलॉन दोऱ्याची, जाळी टाकलेली असतात आणि गढूळ पाण्यात ती दिसत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं मात्र वेगळंच आहे. पाणी हटून मोकळी झालेली जमीन आपल्याला मोकळी दिसते, पण उन्हाळ्यात तिच्यावर घरं असतात. नदी सुरय, छोटा आर्ली, चिखल्या, टिटवी यांची अंडी उघड्या जमिनीवर असतात. खळगा म्हणजे नुसता खुराच्या ठशाएवढा, काडी-कचरा जवळपास नाही. अंडी दोन-तीन किंवा चार, मातीच्या रंगाची, वर तपकिरी-काळे ठिपके. दोन हातांवरूनही ती खड्यांत हरवतात. भर दुपारी पक्षी अंडी उबवत नसतो, तो त्यांच्यावर सावली धरून उभा असतो. चोच उघडी, पंख अर्धे सोडलेले. मध्येच पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतो आणि तो ओलावा अंड्यांना लावतो. अशा वेळी माणसं जवळ थांबली, पक्षी दूर उडून बसला, तर काही मिनिटांतच अंड्यातला जीव जातो. पाय पडणं लांबच राहिलं.

म्हणून पाण्यातल्या उंचवट्यांवर आणि बेटांवर उतरायचं नाही, फोटोसाठीही नाही. चालताना एकामागे एक, पुढच्याच्या पावलावर पाऊल. सुरय डोक्यावर झेपावायला लागली, टिटवी गळा फोडून ओरडत घिरट्या घालू लागली, चिखल्या पंख मोडल्यासारखा फरफटत पुढे पळू लागला, की घरटं जवळ आहे. ‘कुठे आहे’ म्हणून शोधू नका. आलेल्याच पावलांवरून मागे फिरा. कावळे आणि कुत्री हे सगळं बघत असतात. पक्षी कुठून उठला ते कावळ्याच्या बरोबर लक्षात राहतं. गटात आठाहून जास्त माणसं नकोत. कुत्रा, ड्रोन आणि स्पीकर घरी ठेवा. घरट्याचा फोटो गटावर टाकून जागा सांगू नका.

दुर्बीण आठ बाय बेचाळीसची घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर काचेची. दहा बाय पन्नासची जड पडते आणि दमलेल्या हातात थरथरते. दुर्बिणीची सवय आधी सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर दोन-तीन सकाळी करून घ्या. उजनीवर काच जुळवण्यात वेळ घालवणं परवडत नाही. स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची एकनळी दुर्बीण) असेल तर लक्षात ठेवा, नऊनंतर तापलेल्या गाळावरून हवा थरथरायला लागते. मग जास्त मोठं करून बघितलं तर चित्र उकळत्या पाण्यासारखं हलतं. तीस पटीच्या आतच ठेवा. मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी नीट मोजा, ते डोळ्यांत बसवा आणि तेवढे-तेवढे गठ्ठे पुढे मोजत जा. वही-पेन्सिल हवीच, मोबाइल उन्हात तापून बंद पडतो. दुर्बीण गाडीच्या काचेखाली ठेवू नका.

तंबूचं मुख्य काम वाऱ्याशी असतं. एप्रिल-मेच्या दुपारनंतर वळवाचा पाऊस येतो तो आधी धूळ उडवत. काळ्या रानात तंबूसोबत मिळालेल्या वीतभर खुंट्या धरत नाहीत, भेगाळलेल्या मातीतून त्या अलगद निघतात. फूटभर लोखंडी खुंट्या न्या आणि चार रिकामी पोती. पोत्यांत माती भरून दोऱ्यांना बांधा. तंबूची आखूड, बुटकी बाजू पश्चिमेला, दार पूर्वेला. एकट्या बाभळीखाली किंवा लिंबाखाली तंबू नको, विजेचा धोका आहे आणि बाभळीचे काटे चटईतून वर येतात. विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर घेऊन ठेवा. वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागला, तर तंबू सोडा आणि काचा लावून गाडीत बसा. रात्री नऊला जमीन तापलेली असते, पहाटे चारला पाण्यावरून गार वारा येतो. सोलापुरी चादर माणशी एक, बस्स. चूल पेटवू नका, वाळलेलं गवत क्षणात धरतं. छोटी गॅसची शेगडी पुरे.

होडीतून जायचं असेल तर माणशी एक लाइफ जॅकेट, आणि ते अंगावर, बाकाखाली नाही. २१ मे २०२४ रोजी कुगावहून पल्याडच्या कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. होडी सकाळचीच घ्या, आभाळ भरलं असेल तर नकोच. रोहितांचा थवा उडवून दाखवायला नावाड्याला सांगू नका. उडण्याआधी त्यांना पाण्यावरून लांब धावावं लागतं, आणि ती ताकद त्यांना पुढच्या प्रवासाला हवी असते.

औषधांच्या पेटीत चिकटपट्टी, जंतुनाशक, काटे काढायचा चिमटा आणि बारीक कात्री. तंबूची चेन कायम बंद, बूट झटकून घालायचे, रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. मण्यार झोपलेल्या माणसाला चावते आणि दुखत नाही म्हणून कळतही नाही. साप चावला तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं काही नको. हात-पाय हलू न देता माणसाला दवाखान्यात न्या, १०८ला फोन करा. सापाची लस जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात आहे ते निघण्याआधीच विचारून लिहून ठेवा. उन्हानं कुणी बरळायला लागलं, अंग भाजतंय तरी घाम थांबला, तर सावलीत निजवून ओली चादर टाका, वारा घाला आणि लगेच हलवा.

निघताना कचऱ्याच्या पिशवीशिवाय एक कापडी पिशवी वेगळी ठेवा, काठावर टाकून दिलेल्या तंगूससाठी. पाण्यात लावलेलं जाळं कोळ्याचं आहे, त्याला हात लावू नका. वाळूत अर्धवट पुरलेले तुकडे मात्र ओढून काढा आणि कात्रीनं बारीक करून पिशवीत टाका, कारण शेकाट्याचा लांब पाय त्यातच गुंततो. गुंतलेला पक्षी सापडला तर आधी डोक्यावर टॉवेल टाका, अंधार झाला की तो शांत होतो. मग पायाच्या बाजूनं एकेक धागा कापा. ओढू नका. सुटल्यावर पाण्याकडे तोंड करून जमिनीवर ठेवा आणि दहा पावलं मागे या.