ही कंपनी नक्की कोणाची? मोटार विम्यात नव्याने येणाऱ्यांसाठी

गाडीचा विमा विकायला बाहेर पडलात की पहिला प्रश्न प्रीमियमचा येईल असं वाटतं. येत नाही. पहिला प्रश्न येतो, "ही कंपनी कोणाची?" नौपाड्यातल्या आजोबांना टाटा हवं असतं, कारण त्यांची अख्खी नोकरी टाटांकडे झाली. वाशी मार्केटमधल्या व्यापाऱ्याला 'सरकारी द्या, पैसा बुडत नाही' असं म्हणायचं असतं. आणि दर आठवड्याला एकजण तरी विचारतो, "एलआयसीचा नाही का गाडीचा विमा?" नाही. एलआयसी आयुर्विमा करते, गाड्यांचा करत नाही. हे तुम्हाला माहीत आहे, पण दहा वेळा सांगायची तयारी ठेवा.

मी कळव्याची. चार वर्षांपूर्वी एका ब्रोकरकडे पीओएसपी, म्हणजे साध्या पॉलिसी विकायची परवानगी असलेली विक्रेती, म्हणून लागले. पंधरा तासांचं प्रशिक्षण, परीक्षा, सर्टिफिकेट, सगळं घरबसल्या. ओडी (आपल्या गाडीचं नुकसान), टीपी (समोरच्याचं नुकसान), एनसीबी (क्लेम न केल्याची सूट), झिरो डेप (घसारा न कापता भरपाई), ब्रेक-इन (विम्यात पडलेला खंड) हे सगळं शिकवलं. कंपनी कोणाची, हप्ता नेमका कोणाच्या खात्यात जातो आणि क्लेम कोणाच्या खिशातून येतो, यावर पाच मिनिटंसुद्धा नव्हती. आमच्या ऑफिसातले सर म्हणायचे, "मालकाचं नाव मोठं असेल तर नाव सांग, नसेल तर प्रीमियम सांग." माणूस वाईट नव्हता. चहा नेहमी तोच पाजायचा. पण या एका वाक्यावर मी वर्षभर धंदा केला आणि मग तोंडावर आपटले.

आता तो किस्सा. लांबेल, पण वगळून पुढे जाऊ नका.

कोपरीतले एक काका, आईच्या ओळखीचे. गाडी शोरूममधून घेतलेली, पहिला विमा तिथलाच. रिन्यूअलला माझ्याकडे येणार होते, त्याआधीच माजिवड्याला टेम्पोने समोरून ठोकलं. बंपर, हेडलाइट, बॉनेट, आत रेडिएटर आणि कंडेन्सर. फोन मला आला. पॉलिसी माझी नव्हती, तरी म्हटलं काकांना मदत करू, पुढचं रिन्यूअल पक्कं होईल. कागदाचा फोटो मागवला. वर उजवीकडे गाडीच्या कंपनीचा ठसठशीत लोगो, खाली मदतीचा नंबर. मी काकांना बेधडक सांगितलं, "काका, हा तुमच्या गाडीच्या कंपनीचाच विमा आहे. शोरूमला कळवलं की झालं." शोरूमच्या इन्शुरन्स काउंटरला फोन केला, त्यांनी "नोट करून घेतो" म्हटलं, आणि मी काकांना निश्चिंत केलं. गाडी रबाळे एमआयडीसीतल्या ओळखीच्या गॅरेजला टाकली. मेकॅनिकला मीच म्हटलं, "कंपनीला कळवलंय, सुरू कर."

सहाव्या दिवशी काकांनी विचारलं, "बाळा, क्लेम नंबर काय गं?" माझ्याकडे नव्हता. कारण क्लेम नोंदलाच गेला नव्हता. तो लोगो गाडीच्या कंपनीने काढलेल्या ब्रोकिंग कंपनीचा होता. ब्रोकर पॉलिसी विकतो आणि मदत करतो, पण जोखीम त्याची नसते. खरी विमा कंपनी तिसरीच होती. तिचं नाव पानाच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरात, नोंदणी क्रमांकाच्या शेजारी.

धावत-पळत क्लेम टाकला. एस्टिमेट 62 हजारांचं. 50 हजारांच्या वर परवानाधारक सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजणारा माणूस, लागतोच. तो आला, उघडी गाडी बघितली आणि एकच विचारलं, "जुने पार्ट कुठे?" बंपर आणि हेडलाइट कोपऱ्यात पडलेले होते. रेडिएटर आणि कंडेन्सर मेकॅनिकने आदल्या दिवशी भंगारवाल्याला दिलेले. न बघितलेल्या पार्टचे पैसे तो का धरेल? अकरा हजार चारशे रुपये कापले गेले. काका मला एक शब्द बोलले नाहीत. पुढचं रिन्यूअल मात्र दुसऱ्याकडून केलं. रबाळ्याहून ठाण्याच्या लोकलमध्ये बसताना त्या गॅरेजचा वास अजून नाकात येतो.

म्हणून सांगते, पॉलिसीच्या एका पानावर चार वेगवेगळी नावं असू शकतात आणि ती चारही वेगळी माणसं आहेत. एक, ज्याने कागद दिला तो: शोरूम, एजंट, बँकेची शाखा. दुसरा, ब्रोकर. मारुती सुझुकी, टाटा मोटर्स यांच्या स्वतःच्या इन्शुरन्स ब्रोकिंग कंपन्या आहेत आणि पॉलिसीबझारही आज ब्रोकरच आहे. यांच्यापैकी कोणीही तुमच्या गाडीची जोखीम स्वतःवर घेत नाही. तिसरी, विमा कंपनी, जिला आयआरडीएआयचा, म्हणजे विमा नियामकाचा, नोंदणी क्रमांक आहे. सर्व्हेअर तीच नेमते, चेक तिचाच येतो. आणि चौथा, त्या विमा कंपनीचा मालक, म्हणजे भागधारक. ग्राहक विचारतो चौथ्याबद्दल, लोगो दिसतो दुसऱ्याचा, ओळखतो तो पहिल्याला, आणि गरज पडते तिसऱ्याची. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी कामं सोपी होतात. क्लेम नंबर हातात येत नाही तोवर 'कळवलं' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. मेकॅनिकसमोर तर मुळीच नाही.

टाटांचं उदाहरण घ्या, कारण इथे सगळे घसरतात. टाटा मोटर्सची गाडी, तिच्या ब्रोकिंग कंपनीने काढलेली पॉलिसी, आणि विमा कंपनी मात्र कुठलीही असू शकते. टाटा एआयजीच असेल असं अजिबात नाही. टाटा एआयजी वेगळी: 2001 ची, 74 टक्के टाटा समूह, 26 टक्के अमेरिकेची एआयजी. आणि गंमत बघा, सरकारी म्हणून जिचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं ती न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स 1919 मध्ये सर दोराबजी टाटांनी काढलेली. नौपाड्यातल्या आजोबांना हे सांगितलं तर ते खूश झाले आणि सरकारी पॉलिसी घेऊन गेले. हा शॉर्टकट नव्हे, इतिहास आहे.

सरकारी चार. 1972 चा कायदा झाला, 1 जानेवारी 1973 पासून शंभराहून जास्त कंपन्या गुंडाळून चार केल्या: मुंबईची न्यू इंडिया, कोलकात्याची नॅशनल, दिल्लीची ओरिएंटल, चेन्नईची युनायटेड इंडिया. चौघींना एकाच मापाने मोजू नका. न्यू इंडिया 2017 पासून शेअर बाजारात आहे, सरकारचा हिस्सा 85 टक्क्यांच्या आसपास. बाकी तिघी पूर्ण सरकारी, पण त्यांचं सॉल्व्हन्सी प्रमाण, म्हणजे देणी भागवायची ताकद, गेली काही वर्षं 1.5 या किमान मर्यादेच्या खाली राहिलेलं आहे. सरकारने त्यात भांडवल घातलं, तिघींचं विलीनीकरण ठरवलं आणि 2020 मध्ये थांबवलं. म्हणजे पैसे बुडतील असं नाही, घाबरवू नका कोणाला. पण 'सरकारी आहे' एवढं बोलून विषय संपत नाही.

खासगी कंपन्यांमध्ये तर नाव आणि मालक यांची फारकत ठरलेलीच. आयसीआयसीआय लोम्बार्डमधलं 'लोम्बार्ड' आलं कॅनडाच्या फेअरफॅक्सकडून, त्यांची तिकडे त्या नावाची विमा कंपनी होती. फेअरफॅक्स कधीच बाहेर पडली, नाव राहिलं. आणि हीच फेअरफॅक्स आज डिजिटमागे आहे, जिला आपली गिऱ्हाइकं 'विराट कोहलीची कंपनी' म्हणतात. कोहली आणि अनुष्का शर्मांनी त्यात सुरुवातीला पैसे गुंतवले, पण प्रवर्तक कामेश गोयल आणि फेअरफॅक्स. एसबीआय जनरलमध्ये स्टेट बँक मोठी, पण सोबतची ऑस्ट्रेलियाची आयएजी 2020 मध्ये निघून गेली. पुण्याची बजाज अलियान्झ तुम्ही पाठ केली असेल. मार्च 2025 मध्ये बजाजने अलियान्झचे 26 टक्के विकत घ्यायचा करार केला आणि त्याच वर्षी नावातून अलियान्झ गेलं. कोटकच्या जनरल विमा कंपनीत 2024 पासून 70 टक्के स्वित्झर्लंडच्या झुरिचचे. फ्यूचर जनरालीतले फ्यूचरवाले गेले, सेंट्रल बँक आली, नाव झालं जनराली सेंट्रल.

नवी मुंबईत काम करणार असाल तर रिलायन्स जनरलचं वेगळं सांगायला हवं. घणसोलीतल्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कमध्ये नोकरी करणारा ग्राहक सहज म्हणतो, "आमच्याच कंपनीचा विमा आहे ना?" नव्हता. घणसोलीचा कॅम्पस मुकेश अंबानींच्या रिलायन्सचा, आणि विमा कंपनी अनिल अंबानींच्या रिलायन्स कॅपिटलखालची. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2021 मध्ये रिलायन्स कॅपिटलचं संचालक मंडळ बरखास्त केलं, दिवाळखोरीची प्रक्रिया चालली, आणि मार्च 2025 मध्ये ती हिंदुजांच्या इंडसइंड इंटरनॅशनल होल्डिंग्जकडे गेली. आता नाव इंडसइंड जनरल. लगेच दुसरा खड्डा: लोक म्हणतील 'इंडसइंड बँकेची कंपनी'. तीही नाही. ही होल्डिंग कंपनी त्या बँकेची प्रवर्तक आहे, बँक विमा कंपनीची मालक नाही.

मालकी इतकी का हलते? परदेशी भागीदाराला आधी 26 टक्क्यांची मर्यादा होती, 2015 मध्ये 49 झाली, 2021 मध्ये 74, आणि 2025 च्या अर्थसंकल्पात 100 टक्क्यांची घोषणा. मर्यादा वाढली की कोणी हिस्सा वाढवतो, कोणी विकून मोकळा होतो. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तो 'कोणत्या कंपनीचा मालक कोण' वाला तक्ता कृपा करून डिलीट करा. माझ्या पहिल्या वर्षी जो पाठ केला होता त्यातली निम्मी नावं आज तशी नाहीत. विमा एजंटांच्या आयसी-38 परीक्षेसाठी विकत मिळणाऱ्या प्रश्नसंचांबद्दलही माझं हेच मत आहे. पास व्हाल. गॅरेजमध्ये उभं राहिल्यावर उपयोग शून्य.

मग बघायचं कुठे? प्रत्येक विमा कंपनीला दर तिमाहीला आपल्या साइटवर 'पब्लिक डिस्क्लोजर' टाकावं लागतं. त्यात एनएल-9 नावाचा फॉर्म असतो, भागधारक कोण आणि किती टक्के, सरळ लिहिलेलं. दहा मिनिटांचं काम. आमच्या सरांना मी पहिल्यांदा दाखवला तेव्हा ते म्हणाले, "हे कोण वाचतं?" मी वाचते, सर.

पॉलिसीच्या तळाचा नोंदणी क्रमांक आणि सीआयएनसुद्धा (कंपनीचा सरकारी ओळख क्रमांक, त्यात स्थापनेचं वर्ष असतं) वाचायची सवय लावा. एचडीएफसी अर्गोचा कागद घ्या. नोंदणी क्रमांक 146, आणि सीआयएनच्या मधोमध 2007. पण ही कंपनी तर 2002 मध्ये अमेरिकेच्या चबसोबत सुरू झालेली, अर्गो 2008 मध्ये आली. मग 2007 कुठून? 2016 मध्ये त्यांनी एल अँड टी जनरल विकत घेतली आणि विलीनीकरणात कागदोपत्री कंपनी ठेवली ती एल अँड टीची. मग 2023 च्या जुलैत एचडीएफसी स्वतःच एचडीएफसी बँकेत विलीन झाली, त्यामुळे आज मोठा हिस्सा बँकेचा, उरलेला बहुतेक जर्मनीच्या म्युनिक री समूहातल्या अर्गोचा. दोन बारीक आकड्यांत एवढं सगळं. मला हे कळलं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपण या धंद्यात टिकू.

मालक कोण यावर काय ठरत नाही, तेही ऐका. टीपीचा दर ठरत नाही. 2022 मध्ये ठरलेल्या दराने 1000 सीसीपर्यंतच्या गाडीला 2,094 रुपये, 1500 पर्यंत 3,416, त्याच्या वर 7,897, मालक टाटा असो की सरकार. एनसीबीही ठरत नाही. तो ग्राहकाचा, कंपनी बदलली तरी सोबत येतो, फक्त पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की गेला. आणि क्लेम तर अटींवर ठरतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात गाडी सुरू करून इंजिन बसलं आणि इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर घेतलेलं नसलं, तर कितीही मोठ्या घराण्याचं नाव कामाला येत नाही.

चुकाल. सुरुवातीला सगळेच चुकतात, आणि बहुतेक चुका निस्तरता येतात. कंपनी दाद देत नसेल तर विमा लोकपाल आहे, आणि त्याचं कार्यालय आता ठाण्यातही आहे, सांताक्रूझला जायला नको. पण लोकपालाला क्लेम नंबर लागतो, तुमचा चांगला हेतू नाही.

हल्ली रिन्यूअलच्या दिवसांत फोन येतात ते वेगळेच. परवा ऐरोलीतल्या एका ताईंचा आला, घाबरलेल्या. "अहो, नोटीसवर कंपनीचं नाव भलतंच आलंय, कोणी फसवत तर नाही ना?" मी म्हटलं, जुनी पॉलिसी काढा, दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि तळाचा नोंदणी क्रमांक वाचून दाखवा. चष्मा शोधायला दोन मिनिटं गेली. मग दोन्हीकडचे आकडे त्यांनी एकेक करून वाचले. सारखेच होते.