कोलंबियात स्वस्तात जेवताना

कोलंबियात कमी खर्चात पोटभर जेवायचे असेल, तर दिवसाचे मुख्य जेवण दुपारी 12 ते 2 च्या दरम्यान घ्यावे, कारण त्याच वेळी छोट्या खानावळींमध्ये 'मेनू देल दिया' अथवा बोलीभाषेत 'कोरिएन्तासो' म्हटले जाणारे ठरावीक दराचे ताट मिळते आणि उशीर झाल्यास त्यातील चांगले पदार्थ संपलेले असतात. आधी सूप येते. त्यानंतर भात, घेवडा किंवा मसूर, तळलेले केळे, थोडे सॅलड आणि मांसाचा एक तुकडा असलेले ताट येते, आणि फळांचा रसही बहुधा त्याच दरात मिळतो. फलकावरील पदार्थ समजले नाहीत, तर शेजारच्या टेबलावरील ताटाकडे बोट दाखवण्यास संकोच करू नये.

शाकाहारी व्यक्तींनी मात्र विशेष सावध राहावे. 'सिन कार्ने', म्हणजे मांसाविना, एवढेच सांगितल्यास कोंबडी किंवा मासा वाढला जाण्याची शक्यता असते, म्हणून 'सिन पोयो, सिन पेस्कादो' हेही जोडावे. शिवाय घेवड्यात डुकराचे मांस घातलेले असू शकते आणि सूप बहुधा हाडांच्या रश्शाचे असते, त्यामुळे दोन्हींबद्दल स्वतंत्रपणे विचारावे. जेवण आपल्या सवयीपेक्षा सौम्य वाटल्यास 'आखी' नावाची तिखट चटणी मागावी.

पैसे देण्यासाठी सुटे पेसो जवळ ठेवावेत. बिलात सुचवलेली टिप ऐच्छिक असते.